अलीनंतर आलेला माणूस

आपल्याकडे बॉक्सिंगचा नाद असलेली माणसं कमी, पण हेवीवेट जगज्जेत्यांची दोन-तीन नावं कुणालाही विचारा, सांगतील. मोहम्मद अली. माइक टायसन, तोही बऱ्याचदा होलिफिल्डचा कान चावला म्हणून. थोडं वाचन असलेला माणूस जो फ्रेझियर आणि जॉर्ज फोरमनपर्यंत पोचतो. अली उतरणीला लागला आणि टायसन वर आला, त्यांच्या मधल्या काळात जगज्जेता कोण होता असं विचारलं, की मात्र समोरचा गप्प होतो. जून १९७८ ते सप्टेंबर १९८५, म्हणजे सव्वासात वर्षं. एवढा काळ काही ती खुर्ची रिकामी नव्हती. पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन नावाच्या लहानशा गावचा लॅरी होम्स तिथे बसला होता. पहिल्या ४८ लढतींत तो एकदाही हरला नाही. विजेतेपद राखण्यासाठीच्या जवळपास वीस लढती त्याने जिंकल्या. त्याच्या काळापर्यंत या हिशेबात त्याच्या पुढे एकटा जो लुई होता, २५ लढतींसह.

अमेरिकेतही चित्र फार निराळं नाही. जाणकार हेवीवेटच्या थोरांची यादी करतात तेव्हा होम्सला वरच्या रांगेत बसवतात. साध्या प्रेक्षकाला मात्र तो आठवतो तो अलीला मारणारा म्हणून, नाहीतर टायसनने आडवा केलेला म्हणून. एका माणसाची सगळी कारकीर्द दुसऱ्या दोघांच्या गोष्टींमध्ये विरघळून जावी, हे मला गेली कित्येक वर्षं खुपत आलं आहे. बॉक्सिंगच्या जुन्या चित्रफिती बघत जागरणं करण्याची खोड मला आहे, आणि त्या जागरणांमध्ये सर्वात जास्त वेळ मी होम्सबरोबर काढला आहे. माझं मत विचाराल तर हेवीवेटमध्ये त्याच्यासारखा डावा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. (सनी लिस्टनचे चाहते भांडतील. भांडू देत.)

होम्सचा जन्म १९४९ चा, जॉर्जिया राज्यातल्या कथबर्टचा. बारा भावंडं. कुटुंब उत्तरेला ईस्टनमध्ये आलं, वडील पुढे वेगळे राहू लागले आणि आईने ओढाताण करत मुलं वाढवली. सातवीत लॅरीने शाळा सोडली आणि तासाला एक डॉलर मजुरीवर तो मोटारी धुवायला लागला. हौशी गटात त्याची कारकीर्द छोटीच झाली आणि वाईट रीतीने संपली. १९७२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत ड्वेन बॉबिकचा मार खाताना तो सारखा मिठी मारत राहिला, म्हणून रेफरीने त्याला बाद केलं. पोरात काळीज नाही, असं लोक म्हणू लागले. असले शिक्के एकदा बसले की पुढच्या दहा विजयांनीही निघत नाहीत.

त्यानंतर तो डियर लेकच्या शिबिरात अलीचा स्पारिंग पार्टनर झाला. हे काम म्हणजे पगारी मार खाण्याचं. मालकाची पुढची लढत ज्याच्याशी असेल त्याची नक्कल करायची, मालकाला घाम येईल इतपत मारायचं, पण त्याची इभ्रत जाईल इतकं नाही. तिथे पहिल्यांदा अलीच्या ठोशाने डोळा काळा-निळा झाला तेव्हा होम्सने त्यावर बर्फ लावू दिला नाही, असं तो सांगतो. गावात जाऊन लोकांना दाखवायचा होता ना! अलीने मारलेला डोळा. पुढे याच माणसाला अलीला संपवणारा म्हणून लोकांचे शिव्याशाप ऐकावे लागणार होते.

जून १९७८ मध्ये लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये त्याने केन नॉर्टनला हरवून डब्ल्यूबीसीचा (जगज्जेतेपद देणाऱ्या तेव्हाच्या दोन संघटनांपैकी एकीचा) पट्टा मिळवला. सरावात त्याच्या डाव्या दंडाचा स्नायू दुखावला होता. पंधरा फेऱ्या झाल्या. दोन परीक्षकांनी होम्सला एका गुणाने पुढे ठेवलं, तिसऱ्याने नॉर्टनला एका गुणाने. ही पंधरावी फेरी म्हणजे हेवीवेटच्या इतिहासातली तीन सर्वोत्तम मिनिटं असतील. दोघांच्याही पायांतलं बळ संपलेलं, तरी एकही मागे हटत नाही. ज्याच्यात काळीज नाही असं म्हटलं होतं, तो शेवटच्या काही सेकंदांत नॉर्टनला हलवून सोडतो.

पण त्या पट्ट्याला पूर्ण मान मिळाला नाही. लिऑन स्पिंक्सने अलीला हरवून विजेतेपद घेतलं होतं, त्याने नॉर्टनऐवजी पुन्हा अलीशीच लढायचं ठरवलं, म्हणून डब्ल्यूबीसीने पट्टा काढून नॉर्टनला न लढता देऊन टाकला होता. होम्सने जिंकला तो हा असा कचेरीत वाटला गेलेला पट्टा. तीनच महिन्यांनी अलीने न्यू ऑर्लिन्समध्ये स्पिंक्सला हरवून दुसऱ्या संघटनेचा पट्टा परत घेतला. लोकांच्या लेखी खरा राजा परत आला होता. पुढच्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली तरी गादी त्याचीच राहिली.

हार घातलेल्या फोटोच्या घरात दुसरेपणावर आलेल्या बाईसारखी होम्सची अवस्था होती. स्वयंपाक तीच करणार, पोरंही तीच वाढवणार, आणि येणारा-जाणारा म्हणणार की पहिलीच्या हाताची आमटी काही औरच असायची.

त्यातून त्याचं हत्यार जॅब. उलट्या हाताने लढणारे सोडले तर बॉक्सरचा पुढचा हात डावा असतो, आणि त्याने सरळ रेषेत झटकन मारून परत घेतलेला ठोसा म्हणजे जॅब. अलीचा जॅब चाबकासारखा फटका देऊन जायचा. होम्सने तो अलीकडूनच पाहून घेतला, पण त्यात खांद्याचं वजन घातलं. त्याच्या जॅबने माणसं पडायची. मात्र जॅबचा खरा उपयोग पाडण्याचा नाही. प्रतिस्पर्धी ठोसा मारायला पाय रोवतो त्याच क्षणी तोंडावर एक बसतो. पाय सुटतात, पुन्हा जुळवाजुळव करावी लागते, पुन्हा एक बसतो. बारा फेऱ्या हे चाललं की त्या माणसाचे जे चाळीस-पन्नास ठोसे सुटायचे होते ते कधी सुटतच नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं, समोरचा आज काही फॉर्मात नव्हता. न घडलेला ठोसा प्रेक्षकाला दिसत नाही, आणि न दिसलेल्या गोष्टीला टाळ्या पडत नाहीत. होम्सचे विरोधक म्हणून 'सामान्य' वाटतात. त्यांतले माइक वीव्हर, टिम विदरस्पून, ट्रेव्हर बर्बिक हे पुढे स्वतः जगज्जेते झाले, हे कुणी लक्षात घेत नाही.

तो पडायचाही. सप्टेंबर १९७९ मध्ये अर्नी शेव्हर्सशी दुसरी लढत झाली. शेव्हर्सचा उजवा हात त्या काळातला सर्वात भयंकर हात. सातव्या फेरीत तो पूर्ण ताकदीनिशी होम्सच्या जबड्यावर बसला. होम्स पाठीवर कोसळला तेव्हा, पुढचं ठाऊक असूनही, मी दर वेळी चित्रफीत थांबवतो. मोजणी पुरी होण्याआधी तो उठला, ती फेरी त्याने कशीबशी काढली आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सचीच लढत थांबवावी लागली. अलीच्या आयुष्यात असा प्रसंग घडला असता तर त्याची महाकाव्यं झाली असती. होम्सच्या बाबतीत लोकांनी निष्कर्ष काढला की हा पडतो बुवा.

मग २ ऑक्टोबर १९८०.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला अली भारतात येऊन गेला होता. मद्रासला त्याची जिमी एलिसबरोबर प्रदर्शनी लढत झाली आणि तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तेव्हाचा अली निवृत्त, सुखावलेला, अंगाने सुटलेला होता. त्यानंतर आठच महिन्यांनी तो सीझर्स पॅलेसच्या रिंगमध्ये होम्ससमोर उभा होता. अठ्ठाविसाव्या वर्षासारखा सडपातळ दिसत होता, केस काळे केलेले होते. वय होतं ३८. थायरॉइडच्या गोळ्या घेऊन वजन उतरवलेलं, त्यामुळे आत काहीच उरलेलं नव्हतं. हे लोकांना उशिरा कळलं. होम्सला पहिल्या दोन फेऱ्यांतच कळलं असणार. अलीने एकही फेरी जिंकली नाही. होम्स मारत होता, मध्येच हात आखडत होता, रेफरीकडे पाहत होता. दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने कोपऱ्यातून लढत थांबवली. ६१ लढतींच्या कारकिर्दीत अली अशा रीतीने एकदाच हरला. जिंकलेला माणूस रडला. रात्री तो अलीच्या खोलीवर गेला आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे, असं त्याला सांगून आला.

यात होम्सने काय वेगळं करायला हवं होतं, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. हळू मारलं असतं तर त्यालाही अपमान म्हटलं असतं. लढत नाकारली असती तर भित्रा म्हटलं असतं. लढायला उभं करणारे प्रवर्तक, परवानगी देणारी नेवाडाची समिती, तिकिटं घेणारे आपल्यासारखे लोक, हे सगळे त्या रात्रीचे भागीदार होते. चार वर्षांनी अलीच्या कंपवाताचं निदान झालं, त्याचे हात थरथरताना जगाने पाहिले आणि प्रत्येकाने आपापला वाटा होम्सच्या नावावर जमा करून टाकला. अलीने होम्सनंतरही एक लढत घेतली होती, बर्बिकविरुद्ध, डिसेंबर १९८१ मध्ये बहामात. तीही तो हरला. पण बर्बिकला कुणी शिव्या देत नाही. माइक टायसनने तर पुढे सांगितलं की अलीचा बदला घ्यायचा हे त्याने पोरवयातच ठरवलं होतं. जानेवारी १९८८ मध्ये त्याने ३८ वर्षांच्या होम्सला चौथ्या फेरीत पाडलं, तेव्हा त्याला कुणी म्हाताऱ्याला मारणारा म्हटलं नाही. वय तेच होतं, ३८.

या सापळ्यात सापडलेला होम्स पहिला नव्हे. जीन टनी आधी होता. पहिल्या महायुद्धात हा माणूस मरीन म्हणून फ्रान्सला गेला. जॅक डेम्प्सी गेला नाही, सैन्यभरती चुकवल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटला झाला आणि तो सुटला तरी गर्दी त्याला वर्षानुवर्षं हिणवत राहिली. १९२६ मध्ये टनीने त्याला हरवून जगज्जेतेपद घेतलं आणि एका रात्रीत डेम्प्सी लोकांचा लाडका झाला. पुढच्या वर्षी शिकागोत टनी सातव्या फेरीत पडला. डेम्प्सी ठरलेल्या कोपऱ्यात वेळेवर गेला नाही म्हणून रेफरीने मोजणी उशिरा सुरू केली, आणि टनीला उठायला चार-पाच सेकंद जादा मिळाले. शंभर वर्षं होत आली, लोक अजून त्या सेकंदांवर वाद घालतात. बाकीच्या बहुतेक फेऱ्यांमध्ये टनी डेम्प्सीला धडे देत होता, त्याबद्दल कुणी वाद घालत नाही, कारण त्या कुणी पाहिलेल्याच नसतात. टनीचा दुसरा गुन्हा असा, की तो शेक्सपिअर वाचायचा आणि ते लपवायचा नाही.

आणि एझर्ड चार्ल्स. याच्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. सिनसिनाटीचा, मिडलवेट आणि लाइट हेवीवेटच्या मधल्या बांध्याचा माणूस. आर्ची मूरसारख्या खेळाडूला त्याने तीनदा हरवलं, पण ज्या वजनात तो सर्वोत्तम होता त्या वजनाच्या विजेतेपदाची संधी त्याला कधी मिळाली नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागोत त्याच्याशी लढताना सॅम बरूडी हा तरुण बेशुद्ध पडला आणि दगावला. चार्ल्स खेळ सोडायच्या बेतात होता. सोडला नाही, पण पुढे हातात आलेला माणूस संपवताना तो कचरतो असं अनेकांना जाणवत राहिलं. १९५० मध्ये जो लुई कर भरायला पैसे नाहीत म्हणून निवृत्तीतून परत आला आणि यांकी स्टेडियमवर चार्ल्सशी लढला. लुई चार्ल्सचं दैवत होतं. चार्ल्सने पंधरा फेऱ्यांत त्याला सहज हरवलं आणि लोकांनी हळहळ व्यक्त केली ती लुईबद्दल. होम्स आणि अलीची गोष्ट तीस वर्षं आधी जशीच्या तशी लिहून ठेवलेली होती म्हणायची. १९५४ मध्ये चार्ल्स रॉकी मार्सियानोशी दोनदा लढला. पहिल्या लढतीत तो पूर्ण पंधरा फेऱ्या टिकला, मार्सियानोसमोर एवढा टिकलेला तो एकटाच. दुसऱ्या लढतीत त्याने मार्सियानोचं नाक फाडलं आणि आठव्या फेरीत स्वतः पडला. नंतर स्नायू झिजवणाऱ्या एएलएस या आजाराने त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं. १९७५ मध्ये तो गेला. सिनसिनाटीत त्याचा पुतळा उभा राहायला २०२२ साल उजाडावं लागलं.

चार्ल्सकडे पाहिलं की माझाच एक आवडता सिद्धांत डळमळतो. लोकांना विजेत्याचं नुसतं यश पचत नाही, त्याच्या आयुष्याची थोडी राखरांगोळी झालेली लागते, असं मी मानत आलो. लुईचं कर्ज, अलीचा आजार, टायसनचा तुरुंग. होम्सने पैसा सांभाळला, ईस्टनमध्ये इमारती बांधल्या, बायको-मुलांत राहिला. रडायला जागाच ठेवली नाही. पण चार्ल्सच्या आयुष्यात शोकांतिका ओतप्रोत होती आणि तरीही तो विसरला गेला. तेव्हा नुसतं दुःख पुरत नाही, ते सांगायला तोंडही लागतं. चार्ल्स अबोल होता. होम्सला तोंड होतं, पण ते नको तिथे उघडायचं.

गेरी कूनीच्या लढतीने त्या तोंडात कडवटपणा भरला, असं मला वाटतं. जून १९८२. कूनी गोरा, आयरिश वंशाचा, अजिंक्य, पण मोठ्या नावांमध्ये म्हाताऱ्या नॉर्टनसारखेच हरवलेले. एक गोरा विजेता हवा म्हणून अमेरिकेत जे उधाण आलं ते आज वाचतानाही ओशाळायला होतं. 'टाइम'च्या मुखपृष्ठावर सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या सोबत कूनी झळकला, होम्स नाही. आव्हानवीराला विजेत्याइतकंच मानधन. रिंगमध्ये विजेत्याचं नाव शेवटी पुकारायचं हा रिवाज. त्या रात्री आधी होम्सचं पुकारलं. तेराव्या फेरीत होम्सने लढत संपवली. तोवर कूनीचे कमरेखालच्या ठोशांबद्दल तीन गुण कापले गेले होते. ते कापले नसते तर तीनपैकी दोन परीक्षकांच्या कागदावर तो चक्क पुढे होता! दोघांनी एकमेकांबद्दल मात्र कधी विष ओकलं नाही आणि ते आयुष्यभराचे मित्र झाले. विष बाहेरच्यांचं होतं.

शेवटी २१ सप्टेंबर १९८५. होम्स ४८-०. मार्सियानो ४९-० वर निवृत्त झाला होता, आणि त्याच्या शेवटच्या लढतीला त्याच दिवशी तीस वर्षं होत होती. समोर मायकेल स्पिंक्स, लिऑनचा धाकटा भाऊ, लाइट हेवीवेटचा विजेता. होम्स पस्तिशीचा, पाय जड झालेले. तो गुणांवर हरला. पत्रकार परिषदेत मार्सियानोचा भाऊ हजर असताना तो म्हणाला की रॉकीची माझा लंगोट उचलायचीही लायकी नव्हती. नंतर त्याने माफी मागितली, पण सात वर्षांच्या लढतींपेक्षा ते एक वाक्य जास्त टिकलं. अली आयुष्यभर यापेक्षा वाईट बोलला. फ्रेझियरला त्याने गोरिला म्हटलं. त्याला आपण काव्य म्हणतो.

होम्सच्या बाजूने बोलताना एक गोष्ट दडपणं बरं नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्याने कठीण माणसं टाळली. पिंकलन थॉमस, ग्रेग पेज यांच्याशी तो लढला नाही. मार्विस फ्रेझियर हा जो फ्रेझियरचा पोरगा दहाच लढती खेळलेला होता, त्याला घेतलं आणि पहिल्याच फेरीत झोडपून काढलं. तेव्हाही तो मारता मारता रेफरीला हाताने खुणावत होता, अरे थांबव आता. पट्ट्यासाठी मेहनत घेणारा आणि पैशांसाठी सोपी वाट धरणारा, असे दोन्ही होम्स खरे आहेत. पण अलीने १९७६-७७ मध्ये घेतलेल्या सोप्या लढती कुणी काढतं का?

२००८ मध्ये त्याला बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. २०१५ मध्ये ईस्टनने पुतळा उभारला. गावातल्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे.

कुणाला बघायची इच्छा झाली तर नॉर्टनपासून सुरुवात करा, पंधरावी फेरी तरी बघाच. मग शेव्हर्सची दुसरी लढत, सातव्या फेरीपासून. आणि शेवटी फेब्रुवारी १९९२ ची लढत, अटलांटिक सिटीतली. समोर रे मर्सर, सोल ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, तीस वर्षांचा, एकही लढत न हरलेला. होम्स ४२ चा, पोट सुटलेलं. तो कोपऱ्यात दोरांना टेकून उभा राहतो, मर्सरला बोलावतो, आणि मर्सर आला की तोच डावा हात त्याच्या तोंडावर ठेवतो. बारा फेऱ्या. निकाल एकमताने होम्सच्या बाजूने लागला.